रविवारचे ऑम्लेट आणि ‘सरक, मी करते’

“मॅडम, आठवडाभर आमचे बरे चालते, पण रविवारी सकाळी हमखास वाजते. एकमेकांसाठी मिळणारा एकच दिवस, आणि तोच भांडणात जातो. आमचे आता जमत नाही, असे समजायचे का?”

हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या तरुण जोडप्यांकडून मी वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा ऐकला आहे. येथे ज्यांच्याविषयी लिहीत आहे ते दोघे पुण्यात नोकरी करणारे, तिशी ओलांडलेले, लग्नाला सहा वर्षे झालेले, मूल नसलेले जोडपे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

पहिल्या भेटीत दोघांनीही आपापली तक्रार तयार ठेवली होती. पत्नीचे म्हणणे होते की त्याला घरातल्या कशाचेच काही वाटत नाही. पतीचे म्हणणे होते की तिला त्याचे काहीच पटत नाही. ‘काहीच’ आणि ‘कधीच’ या शब्दांतून समुपदेशकाच्या हाती फारसे लागत नाही, म्हणून मी त्यांना अगदी अलीकडच्या रविवारची सकाळ उठल्यापासून, मिनिटामिनिटाने सांगायला लावली.

चित्र असे उभे राहिले. आदल्या रात्री पतीने मोबाइलवर जाडजूड, चीज घातलेल्या ऑम्लेटची एक चित्रफीत पाहिली होती आणि ‘उद्या नाश्ता माझ्याकडे’ असे जाहीर केले होते. सकाळी त्याने उत्साहाने सहा अंडी फोडली, त्यांत चिरलेला टोमॅटो बियांसकट घातला आणि जो हाताला लागला तो पोळ्यांचा लोखंडी तवा मोठ्या आचेवर ठेवला. ऑम्लेट खाली चिकटले, वर कच्चे राहिले, आणि उलटायला गेल्यावर मधोमध फाटले. त्या क्षणी पत्नी म्हणाली, “सरक, मी करते.” तो सरकला, आणि सरकला तो थेट बाहेरच्या खोलीत मोबाइल घेऊन बसला. तिने तवा घासला, उरलेल्या मिश्रणाची दोन ऑम्लेटे केली, त्याचे त्याला नेऊन दिले आणि स्वतःचे ओट्यापाशी उभ्याने खाल्ले. दुपारपर्यंत कोणी कोणाशी बोलले नाही.

“मी मदत करायला गेलो, तर हे असे,” पती म्हणाला. “मदत केलीस की काम वाढवलेस?” पत्नी म्हणाली.

दोघांच्याही तोंडी आलेला ‘मदत’ हा शब्द मी तिथेच धरून ठेवला. ज्याचे काम असते तो मदत करत नाही, तो ते काम करतो. मदत करणारा पाहुणा असतो आणि पाहुण्यावर देखरेख ठेवावी लागते. ही केवळ या दोघांची गोष्ट नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, भारतात घरातील विनामोबदला कामांत दिवसभरात काही ना काही सहभाग घेणाऱ्या स्त्रिया 81.2 टक्के होत्या, तर पुरुष 26.1 टक्के, आणि जे सहभागी होते त्यांच्यातही स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ 299 मिनिटे, तर पुरुषांचा 97 मिनिटे होता. रोज पाच तास ज्या ओट्यापाशी जातात, तो ओटा आपल्याच हिशेबाने चालावा असे तिला वाटले, तर त्यात नवल नाही. आणि ज्या ओट्यापाशी आपल्याला क्वचितच उभे राहू दिले गेले तिथे पहिल्याच चुकीला बाजूला केले गेले, तर पुन्हा तिकडे फिरकू नये असे त्याला वाटले, तर तेही समजण्यासारखे आहे. त्याचे निघून जाणे मात्र मी योग्य मानत नाही, आणि ते मी त्याला त्याच भेटीत स्पष्ट सांगितले. फाटलेले ऑम्लेट मागे टाकून जाणे म्हणजे तवा घासण्याचे काम दुसऱ्यावर टाकणे होय.

मी त्यांना रविवारचा नाश्ता बंद करायला सांगितले नाही. उलट पुढचे काही रविवार नाश्त्याला ऑम्लेटच करायला सांगितले. भांडण जिथे होते तिथेच ते सुटण्याची शक्यता अधिक असते, आणि ऑम्लेट ही त्यासाठी सोयीची गोष्ट आहे: अर्ध्या तासात संपते, बिघडले तरी फार नुकसान होत नाही, आणि तेवढ्या वेळात कोण कोणाला काय म्हणाले हे दोघांच्या लक्षात राहते.

अट एकच घातली. ज्याच्या हातात कालथा, निर्णय त्याचा. दुसऱ्याने कांदा चिरावा, चहा टाकावा, पाव भाजावा, पण विचारल्याशिवाय सूचना देऊ नये. भाजण्याची वा आगीची भीती असेल तेवढा अपवाद. दर रविवारी कालथ्याचा मानकरी बदलायचा. आणि नाश्ता करणे म्हणजे शनिवारी अंडी आहेत का ते पाहण्यापासून ओटा पुसून सिंकची जाळी रिकामी करण्यापर्यंत सगळे, हेही ठरवून घेतले.

पहिला रविवार पतीचा होता. ऑम्लेट पुन्हा फाटले. पत्नीने नंतर मला सांगितले की गप्प राहण्यासाठी तिने कांदा गरजेपेक्षा दुप्पट चिरला. पण या वेळी तो कालथा ठेवून गेला नाही. त्याने तेच ऑम्लेट मोडून तिने चिरलेला जास्तीचा कांदा त्यात परतला आणि भुर्जी करून पावाबरोबर वाढली. दोघांनी ती टेबलाशी बसून खाल्ली. मला या बातमीचे मनापासून समाधान वाटले, कारण चूक झाल्यावर ती करणाऱ्यानेच तिच्यातून वाट काढणे या घरात बहुधा प्रथमच घडत होते.

दुसऱ्या रविवारी कालथा पत्नीकडे होता. पहिले ऑम्लेट झाले आणि तिने सवयीने ते त्याच्यापुढे सरकवले. तो म्हणाला, “तू खा ना आधी, गरम आहे.” ती थबकली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. तव्याकडे पाहतच तिने त्याला सांगितले की लहानपणी त्यांच्या घरी अंडी आली की भावाला एक आणि तिला अर्धे मिळत असे, आणि आई सगळ्यांचे झाल्यावर, तव्यावर उरलेल्या कडा खात असे. सहा वर्षांत हे त्याला माहीत नव्हते. तिनेही कधी ठरवून लपवले नव्हते. तशी वेळच आली नव्हती.

समोरासमोर बसून ‘आपण बोलूया’ असे म्हटले की अनेकांची जीभ जड होते, हे मी माझ्या कामात वारंवार पाहिले आहे. शेजारीशेजारी उभे राहून, हात कामात आणि नजर दुसरीकडे असताना मात्र माणसे अवघड गोष्टी बोलून जातात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांच्या अभ्यासात जोडीदाराच्या अशाच लहानलहान हाकांकडे लक्ष दिले, म्हणजे ‘हे बघ’, ‘ऐकलेस का’ यांसारख्या बोलण्याकडे. सहा वर्षांनंतर एकत्र असलेल्या जोडप्यांनी सुरुवातीच्या निरीक्षणात अशा हाकांना सुमारे 86 टक्के वेळा प्रतिसाद दिला होता, तर विभक्त झालेल्यांनी सुमारे 33 टक्के वेळा. ‘तू खा ना आधी’ ही तशीच एक हाक होती.

या प्रसंगातून एक व्यावहारिक अडचणही समोर आली, आणि ती मला भावनेइतकीच महत्त्वाची वाटते. आपल्याकडचे पातळ ऑम्लेट एका वेळी एकच होते. म्हणजे दोघांपैकी एक जण बसलेला आणि एक जण उभा, एकाचे गरम आणि एकाचे गार, हे त्या पद्धतीतच ठरलेले असते. आणि बहुतेक घरांत उभे कोण राहते, हे वेगळे सांगायला नको. म्हणून मी त्यांना सुचवले की दोन ऑम्लेटांऐवजी दोघांत मिळून एकच मोठे, भरीव ऑम्लेट करावे.

ते असे. उकडलेल्या एका मध्यम बटाट्याच्या चकत्या, एक कांदा, हिरवी मिरची आणि बिया काढलेला टोमॅटो पसरट नॉनस्टिक पॅनमध्ये आधी तेलावर परतून घ्यायचा, म्हणजे त्यातले पाणी उडून जाते. त्यावर चार अंडी, मीठ, हळद आणि भरपूर कोथिंबीर एकत्र फेटून ओतायची, आच मंद करायची आणि झाकण ठेवायचे. फेटलेले अंडे 73 अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे पाणी उकळण्याच्या बरेच आधी घट्ट होते, त्यामुळे मोठ्या आचेने खालची बाजू करपण्यापलीकडे काही साधत नाही. झाकणाखालच्या वाफेने वरची बाजू आपोआप शिजते. वरचा ओलसरपणा गेला की चीज किसून घालायचे, मिनिटभर पुन्हा झाकायचे आणि पॅनमध्येच मधोमध कापून दोन ताटांत वाढायचे. उलटायचे नाहीच. ज्या क्षणी ऑम्लेट फाटत होते आणि ‘सरक’ हा शब्द येत होता, तो क्षणच या पद्धतीत उरत नाही. शिवाय झाकण ठेवल्यावर सहा-सात मिनिटे दोघांनाही ओट्याला टेकून उभे राहण्याखेरीज काही काम नसते, आणि ती मिनिटे मोबाइलविना घालवावीत एवढीच माझी विनंती होती.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मी कर्तव्य समजते. ज्या घरात जोडीदाराची भीती वाटते, हात उगारला जातो, पैसे किंवा माहेरचे फोन अडवले जातात, तिथे एकत्र स्वयंपाक करण्याचा सल्ला मी देत नाही. तिथे प्रथम सुरक्षितता पाहावी लागते; स्त्रियांसाठीची 181 ही हेल्पलाइन त्यासाठी आहे. या दोघांना वेगवेगळे भेटून मी याची खात्री करून घेतली होती आणि त्यानंतरच हा मार्ग सुचवला होता.

आता त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येते. रविवारी भांडण होते म्हणून तुमचे जमत नाही, असे मी त्यांना म्हटले नाही. आठवडाभर दोघे एकाच घरात राहूनही वेगवेगळ्या वेळापत्रकांनी धावत असतात. एकाच ओट्यापाशी, एकाच वेळी उभे राहण्याची पाळी रविवारीच येते, आणि कामाच्या वाटणीविषयी न बोललेले सगळे त्याच वेळी वर येते. रविवार शांत व्हावा म्हणून बाहेर नाश्त्याला जाणारी जोडपी मला माहीत आहेत. त्यात गैर काहीच नाही, पण ओट्याचा प्रश्न सोमवारी तसाच असतो.

पाचव्या भेटीला ते आले तेव्हा रविवारविषयी सांगण्यासारखे फारसे उरले नव्हते. पतीने स्वतःहून सांगितले की बटाटे तो आता शनिवारी रात्रीच उकडून ठेवतो. पत्नीने मात्र पर्समधून एक कागद काढला. त्यावर तिने सोमवार ते शुक्रवारच्या दोन डब्यांचा हिशेब लिहिला होता: भाजी निवडणे, कणीक मळणे, पोळ्या, डबे भरणे, परत आलेले डबे घासणे. प्रत्येक ओळीपुढे तिचेच नाव होते. पतीने कागद वाचला, थोडा वेळ काही बोलला नाही, आणि मग माझ्याकडे न पाहता तिला विचारले, “मंगळवार आणि गुरुवार मी घेऊ का? पोळ्या मला येत नाहीत, त्या शिकाव्या लागतील.” पुढची भेट आम्ही त्या कागदासाठी ठेवली आहे.