शिफारसपत्रात घरची परिस्थिती कशी लिहावी

बाय, परदेशी विद्यापीठासाठी पहिल्यांदाच एका विद्यार्थिनीचं शिफारसपत्र लिहितेस, म्हणून सांगतो. 'घरची परिस्थिती बेताची, तरी कष्टाळू' एवढ्यावर थांबू नकोस. असली वाक्यं वाचणाऱ्याच्या डोळ्यांवरून नुसती सरकून जातात.

2018 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोलीतल्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा खनिज वाहणारा ट्रक दारातच उभा राहिला. चाकांभोवती गवत वाढलं. पोरगा पहाटे पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, टोपली सायकलला बांधून घरोघरी पाव टाकायचा, मग वर्गात यायचा. अकरावीत गुण घसरले, बारावीत पुन्हा चढले. मी पत्रात त्याच्या कामाचे तास आणि महिने लिहिले, शेजारी गुण ठेवले. कमी गुण अजिबात लपवले नाहीत. ते कोणत्या दिवसांत पडले, एवढंच वाचणाऱ्याला कळायला हवं होतं.

अमेरिकेत कॉलेज प्रवेशाची SAT परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने 2019 मध्ये विद्यार्थ्यांच्या अडचणींना एकच आकडा द्यायचं ठरवलं आणि टीका होताच काही महिन्यांत ते सोडलं. मला ते सोडणं पटलं. त्या पोराची पहाट आकड्यात कशी मावणार?

आणि हो, मुलीला विचारल्याशिवाय तिच्या घरातलं एक अक्षरही लिहू नकोस. बापाची दारू पत्रात आणायची की नाही, ते तिलाच ठरवू दे.