मालिकेतलं पात्र मेलं म्हणून आई दोन दिवस नीट जेवली नाही. आता वाहिनीला पत्र लिहायचं म्हणतेय. हा वेडेपणा नाही का? लिहून काही होतं का?

वेडेपणा अजिबात नाही. आणि लिहून कधी कधी होतं, म्हणून लिहू द्या.

मी नाशिकला सिडकोत केबलचा धंदा केला. उत्तमनगर, पवननगर, त्रिमूर्ती चौक हा माझा भाग. गच्चीवरच्या मोठ्या डिशपासून सेट-टॉप बॉक्सपर्यंत सगळा काळ पाहिला. केबलवाल्याला लोक टीव्हीचाच माणूस समजतात. वसुलीला दारात उभं राहिलं की पैसे मोजता मोजता बायका विचारायच्या, 'काय हो, त्याला कशाला मारला?' जणू मी मुंबईत निरोप पोचवणार होतो. पोचवता आला असता तर पोचवला असता, कारण त्यांचं बोलणं मला पटायचं.

जुलै २००० मध्ये स्टार प्लसवर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. रात्री साडेदहाची वेळ, तरी मराठी घरांतही लहान पोरांसकट सगळे जागे. त्यातला नायक मिहिर अपघातात गेला त्या रात्री आमच्या कंट्रोल रूमचा फोन खाली ठेवला की वाजत होता. फोन करणारे चिडलेले नव्हते. त्यांना खात्री करून घ्यायची होती. 'मध्येच चित्र हललं, तो खरंच गेला का हो?' घरात कुणाची वाईट बातमी आली की आपण दुसऱ्या कुणाला तरी फोन लावून विचारतो, तसाच तो आवाज होता. देशभरातून विनवण्या आणि निषेध झाला आणि मिहिरला परत आणावं लागलं. पुढे त्या भूमिकेत नट बदलले, पण २०२५ मध्ये मालिका नव्याने आली तेव्हा मिहिरच्या बायकोच्या, तुलसीच्या शेजारी पुन्हा पहिला मिहिर झालेला अमर उपाध्यायच उभा होता. पंचवीस वर्षांनी लोकांना तोच चेहरा हवा होता, यातच काय ते आलं.

हे का होतं, याचा विचार टीव्ही नवा होता तेव्हापासून झालाय. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ साली मांडलं होतं की पडद्यावरचा माणूस रोज ठरल्या वेळी समोरासमोर भेटत राहिला की पाहणाऱ्याच्या मनात त्याच्याशी ओळख तयार होते. ओळख एकतर्फी असते, पण पाहणाऱ्याच्या बाजूने ती पुरती खरी असते. आपल्या मालिका आठवड्याला सहा दिवस, म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर भाग, तेही बहुतेक जेवणाच्या वेळेला. सख्खा भाऊ पुण्याला राहत असेल तर तोही इतका दिसत नाही. तुमच्या आईच्या ताटासमोर रोज बसणारं माणूस उठून गेलंय. घास उतरला नाही, यात नवल काय?

पण दारोदार ऐकून माझं एक मत झालंय. प्रेक्षकाला मरण सहन होतं. सुतक पाळलं जात नाही, ते सहन होत नाही.

'स्वराज्यरक्षक संभाजी' फेब्रुवारी २०२० मध्ये संपली. शेवट काय आहे हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नव्हतं, १६८९ साली काय झालं हे चौथीतल्या मुलालाही माहीत असतं. शेवटच्या आठवड्यात पवननगरला एका घरी गेलो. संध्याकाळची वेळ, ओट्यावर कुकर, पण फोडणीचा वास नाही. सून हळूच म्हणाली, 'आठ दिवस झाले, आजींनी तेल तापवू दिलेलं नाही. नुसतं वरण-भात आणि वर मीठ.' नातू पापड तळून मागत होता, त्याला भाजून दिला. आजी पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, 'तुळापूरला झालं ते मला शाळेपासून ठाऊक आहे रे. पण या पोराला मी अडीच वर्षं रोज रात्री पाहिलंय.' अमोल कोल्हेंच्या चेहऱ्यावर त्यांचा जीव जडला होता, आणि त्या जे करत होत्या ते आपल्या रीतीप्रमाणे करत होत्या. घरात कुणी हसलं नाही. आणि त्या घरातून मालिकेबद्दल एकही कडू शब्द मी ऐकला नाही, कारण मालिकाही त्यांच्याबरोबर दुःखात होती. घाईने पुढे सरकली नव्हती.

उलट 'आई कुठे काय करते' घ्या. नवऱ्याने फसवलेली अरुंधती दुसरं लग्न करते, आशुतोष तिला मान देतो, आणि मार्च २०२४ मध्ये तो अपघातात जातो. तेव्हा लोक फार संतापले. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, नवऱ्याने टाकलेल्या, शिवणकाम करून दोन मुलं वाढवलेल्या. त्या म्हणाल्या, 'एवढ्या उशिरा सुख दिलं, तेही काढून घेतलं. म्हणजे आमच्यासारख्यांना मिळायचंच नाही, असंच ना?' त्यांच्यासाठी तो एका पात्राचा मृत्यू नव्हता, त्यांच्याबद्दल दिलेला निकाल होता. मला वाटतं मालिका लिहिणाऱ्यांनी सगळ्यात जास्त विचार याचाच करायला हवा. कुणाला मारतोय यापेक्षा, ते पात्र कुणाकुणाची आशा होतं.

परदेशातही हेच दिसतं. 'द हंड्रेड' या अमेरिकन मालिकेत मार्च २०१६ मध्ये लेक्सा नावाची योद्धी, आपल्या मैत्रिणीशी प्रेम व्यक्त होऊन काही क्षण होतात न होतात तोच, दुसऱ्यावर झाडलेली गोळी चुकून लागून मरते. अशा जोड्या टीव्हीवर मुळात मोजक्या, आणि त्यांतली एक बहुतेक वेळा मरते, हा समलिंगी प्रेक्षकांचा जुना सल होता. ते चिडले, पण नुसते चिडून थांबले नाहीत. खचलेल्या समलिंगी तरुणांना फोनवर आधार देणाऱ्या संस्थेसाठी त्यांनी पैसे गोळा केले. निर्मात्याला जाहीर माफी मागावी लागली.

आपल्याकडे रामकुंडावर रोज कुठून कुठून माणसं अस्थी घेऊन येतात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत ताटकळत बसतात. दुःखाला जागा असते, दिवस ठरलेले असतात, सोबत चार माणसं असतात. पात्राचा दहावा नाही की तेरावा नाही. शुक्रवारी माणूस जातो आणि सोमवारी त्याच घरात इस्टेटीवरून कारस्थान सुरू! पाहणारा आत दुःख घेऊन बसलेला, आणि घरच्यांना सांगायची सोय नाही कारण ते हसतात. मग ते दुःख रागाच्या वाटेने बाहेर पडतं. २००९ मध्ये 'टॉर्चवूड' या ब्रिटिश मालिकेतला इआन्टो जोन्स मेला, तेव्हा कार्डिफच्या धक्क्यावर, जिथे मालिकेतलं त्यांचं ठाणं दाखवायचे, तिथे चाहत्यांनी फुलं, चिठ्ठ्या, फोटो लावले. ती जागा पुढे वर्षानुवर्षं टिकली. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. त्यांनी स्वतःसाठी एक घाट बांधला.

आता पत्राचं. 'मॅश' नावाची अमेरिकन मालिका होती, कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळाची, बरीचशी विनोदी. मार्च १९७५ मध्ये त्यातला सगळ्यांचा लाडका कर्नल हेन्री ब्लेक घरी परत निघतो आणि विमान पाडलं गेल्याची बातमी येते. हजारावर पत्रं आली. हेन्री परत आला नाही, पण लेखक-निर्मात्यांनी लोकांना उत्तरं दिली: युद्धावर गेलेली सगळी माणसं घरी पोचत नाहीत, हे दाखवायचं होतं. उत्तर पटो न पटो, मरणाला कारण होतं आणि ते सांगायची तयारी होती.

आपल्या रोजच्या मालिकांचं शूटिंग थोडेच दिवस पुढे असतं. सगळं आधी चित्रित करून ठेवलेल्या सीझनमध्ये बदल करता येत नाही, इथे येतो. शिवाय टीआरपी मोजणारं यंत्र मोजक्याच घरांत असतं. तुमच्या घरात ते नसेल तर आईने रागाने टीव्ही बंद केल्याचंही मुंबईत कुणाला कळत नाही. पत्र कळतं.

फक्त नटाच्या इन्स्टाग्रामवर जाऊन भांडण नको. पात्र मारायचं हे बहुतेक वेळा त्याच्या हातात नसतं, आणि काही वेळा त्यानेच दुसरं काम घेतलेलं असतं, तोही त्याचा हक्क आहे. 'परत आणा' एवढंच लिहिण्यापेक्षा आईने ते पात्र तिला कुठल्या प्रसंगापासून आपलं वाटायला लागलं ते लिहावं, आणि त्याच्या मागे राहिलेल्यांचं दुःख चार भाग तरी दाखवा, असं मागावं. तुम्ही शेजारी बसा आणि तो प्रसंग तिच्याकडून नीट ऐका, दोन दिवसांत तिला तेवढंही कुणी विचारलेलं नसेल. मात्र आणखी आठवडाभर जेवण-झोप सुधारली नाही तर दुसरं काही मनात आहे का तेही विचारा आणि डॉक्टरांना दाखवा.

पत्र मराठीत, हाताने लिहिलेलं, वाहिनीच्या मुंबईच्या पत्त्यावर पाठवा. पाकिटावर मालिकेचं नाव ठळक घाला. एक झेरॉक्स घरी ठेवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर तीच झेरॉक्स निर्मिती संस्थेकडे लेखकाच्या नावाने पाठवा, दोन्ही नावं श्रेयनामावलीत दिसतात.