चहा गार आहे, एवढंच

फेब्रुवारी लागला की माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक तक्रार हमखास येते. परीक्षांची काळजी घेऊन आलेल्या आयांच्या रांगेतच एखाद्या बाई नाहीतर एखादे गृहस्थ बसलेले असतात आणि दुखणं सांगायलाही संकोचतात. कारण दुखणं सहलीचं असतं. "दोन दिवसांची ट्रिप आहे हो मॅडम, त्यात झोप उडण्यासारखं काय? पण उडालीय." थंडी सरलेली असते, ऊन अजून भाजत नसतं, शनिवार-रविवार गाठून मुंबई नाहीतर दिल्ली करून येऊ अशी टूम निघते. गट आठ जणांचा असो की वीस जणांचा, ठरवणारं माणूस एकच असतं. ते माझ्याकडे येतं.

हे इतक्यांदा ऐकलंय, की त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. परवानगी घेतली आहे, ओळख पटेल ते बदललं आहे. कोल्हापुरातल्या आठ जणींच्या भिशीचा हिशेब त्यांच्याकडे, म्हणून इथे त्यांना खजिनदारबाई म्हणू.

भिशीतून जमलेल्या पैशांत मुंबई करायची असं ठरलं होतं. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघायचं, शनिवार-रविवार मुंबईत, रविवारी रात्री परत. पहिल्या भेटीला त्या भिशीची लांबट वही घेऊनच आल्या. पानावर आडवे रकाने आखलेले: गुडघे, उपवास, गोळ्या, खिडकी, घोरणं. घोरणाऱ्या दोघी एका खोलीत टाकल्या होत्या. मी मनात दाद दिली.

"मग अडतंय कुठे?"

"कुणी काही बोलतच नाही वो मॅडम. मेसेज टाकला की तीन अंगठे, दोन नमस्कार आणि बाकीच्या गप्प. आणि तिथे गेल्यावर सगळ्या बोलतात."

इथे मी एक चूक केली, ती कबूल करते. कामं वाटून द्या असा साळसूद सल्ला दिला. आठ दिवसांनी त्या आल्या. कामं वाटली होती आणि वाटलेलं प्रत्येक काम गुपचूप स्वतः पुन्हा करूनही ठेवलं होतं. जिला लॉज बघायला सांगितला होता, तिच्या आधी यांनीच दादरच्या चार लॉजना फोन लावले होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कामाचा भार हे या बाईंचं दुखणंच नव्हतं.

तिसऱ्या भेटीत मी त्यांना गटातले स्वतःचेच मेसेज मोठ्याने वाचायला लावले. "शनिवारी एलिफंटा करू, चालेल ना?" "दादरलाच राहू, चालेल ना?" अकरा मेसेज, अकरा वेळा 'चालेल ना'. सातव्याला त्यांचा आवाज बारीक झाला.

"यात विचारलंय कुठे?" मी म्हटलं. "उत्तर आधीच दिलंय आणि वर सही मागितलीय."

"खुलं विचारलं, तर कुणीतरी नाही म्हणेल की."

"म्हणू दे. मग?"

त्या वहीकडे बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "फुलांचं तर मला लईच टेन्शन आलंय."

विक्रोळीला पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेने तबेबुयाची झाडं आहेत, बसंत रानी म्हणतात त्यांना. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला पानं झडून झाड गुलाबी फुलांनी भरून जातं. गटातल्या एकीने त्याचा व्हिडिओ पाहिला होता आणि 'हे बघायचंच' असं लिहिलं होतं. आता खजिनदारबाईंना घोर असा, की आपण पोचेपर्यंत फुलं गळून गेली तर?

"झाडाची जबाबदारीही तुमच्याकडेच आहे का?"

त्या हसल्या, पण डोळे भरले होते. अशा वेळी पुढे बोलायचा मोह होतो. तो आवरणं ही एवढ्या वर्षांची माझी कमाई, असं मी मानते. मी गप्प बसले. मग त्यांनी गणपतीपुळ्याची गोष्ट काढली. तीन वर्षांपूर्वीची सहल, आंबा घाटाच्या अलीकडे एका हॉटेलात सगळ्या चहाला थांबल्या होत्या.

"काय झालं तिथे?"

"तिथून पुढचा सगळा प्रवास माझं डोकं उठलं. एवढं करून काय उपयोग, असं बोलल्या मला."

"असं बोलल्या? शब्द आठवून सांगा."

बराच वेळ गेला. पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

"चहा गार आहे, म्हणाली."

"आणि?"

"एवढंच." मग स्वतःशीच, हळू: "एवढंच म्हणाली की वो ती."

गेली तीन वर्षं त्या बाई जे वाक्य उरात घेऊन फिरत होत्या, ते कुणी उच्चारलंच नव्हतं. चहा गार होता, ही चहाबद्दलची बातमी. 'तू नीट केलं नाहीस, म्हणजे तू कामाची नाहीस' हे पुढचं सगळं त्यांनी मनातल्या मनात, आंबा घाट उतरता उतरता रचलेलं. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी. १९५५ पासून ते हेच सांगत आले, की घटना माणसाला जेवढी छळत नाही, तेवढं घटनेबद्दल मनाशी म्हटलेलं वाक्य छळतं. मराठीत तर हे वाक्य पकडणं सोपं आहे, कारण त्यात बहुतेक वेळा 'च' असतो. सगळ्यांना आवडलंच पाहिजे. मीच केलं पाहिजे. बोलणी मलाच बसणार. ऐकताना मी कान त्या 'च'वर ठेवते.

त्यांना मी एलिस यांचा एक किस्साही सांगितला. एकोणीस वर्षांचे असताना अनोळखी मुलींशी बोलायची त्यांना भयंकर भीती वाटे. तेव्हा न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जाऊन महिन्याभरात शंभरेक जणींशी ते मुद्दाम बोलले. भेटायला तयार झाली एक. तीही आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही, एवढं मात्र त्यांना कळलं. खजिनदारबाई म्हणाल्या, "म्हणजे मी काय करायचं? गेटवेवर उभी राहू?"

तेवढं नको होतं. आम्ही तालीम केली. मी भिशीतली मैत्रीण, माझ्या पुढ्यात कप.

"चहा गार आहे गं."

"अगं, मी त्याला सांगितलं होतं..."

"थांबा. पुन्हा. चहा गार आहे."

"दुसरा मागवू का? मी बघते..."

"पुन्हा. चहा गार आहे गं."

पाचव्या-सहाव्या खेपेला त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हो. गारच आहे." आणि इतक्या मोकळ्या हसल्या, की बाहेर बसलेल्या मुलाने आत डोकावून पाहिलं. हा 'च' मला चालला.

त्यानंतर उरलं ते सोपं होतं. सहल ठरवणाऱ्या इतरांनाही मी तेच सांगते. गटात 'काय करूया?' असं मोकळं सोडू नका आणि 'चालेल ना?' असं बांधूनही विचारू नका. दोन पर्याय द्या, उत्तराची तारीख द्या आणि गप्प बसेल तिला जे ठरेल ते मान्य, हे आधीच लिहा. तारीख लवकरची असू द्या, कारण रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि आठांतल्या पाच जणींना खालचा बर्थ हवा असतो. सगळ्यांनी सगळं एकत्रच बघायचं हा हट्ट सोडा. एलिफंटाला धक्क्यापासून लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या दोघी त्या वेळात गेटवेपासून चालत जाण्याइतक्या जवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रमू शकतात, त्यात मैत्रीला काही होत नाही. सोमवार जोडून घेणार असाल तर त्या दिवशी एलिफंटा बंद, बुधवारी राणीची बाग बंद. रविवारी लोकलने फिरायचं असेल, तर मेगाब्लॉक कुठे आहे ते शनिवारीच बघून ठेवा. एवढी काळजी घेणं हे शहाणपण. त्यापलीकडे मेगाब्लॉक रेल्वेचा, फुलं झाडाची आणि तोंडं ज्याची त्याची.

आणि एक जागा रिकामी सोडा. खजिनदारबाईंना मी रविवारची दुपार कोरी ठेवायला सांगितली होती. हा गृहपाठ त्यांना सगळ्यांत जड गेला. वहीत त्यांनी तिथे 'मोकळं' असं लिहिलं आणि त्याला चौकट केली. दोन दिवसांनी फोन: "चौकटीत पेन्सिलीनं नेहरू तारांगण लिहिलं तर चालेल का?" मी नाही म्हटलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्या आल्या. रविवारी मेगाब्लॉक निघाला होताच, म्हणून दोन टॅक्सी करून विक्रोळीकडे गेल्या. निम्मी फुलं गळली होती, रस्त्याच्या कडेला गुलाबी सडा पडला होता. व्हिडिओवाली मैत्रीण म्हणाली, "उशीर केलास गं आणायला."

"मग तुम्ही?"

"म्हटलं, झाडानं घाई केली."

मोकळ्या दुपारी आठ जणी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर समुद्राकडे तोंड करून बसल्या. ऊन होतं, पदर डोक्यावर घेऊन बसल्या. कुणीतरी भाजलेले शेंगदाणे आणले, ते नरम निघाले. त्याबद्दल तिघी बोलल्या.

"आता पुढच्या वर्षी दिल्ली म्हणतात," वही पिशवीत ठेवत त्या म्हणाल्या. "मी अजून हो म्हटलेलं नाही. विचार करून सांगते, असं टाकलंय गटात. सगळ्या सारख्या विचारतात, काय ठरलं, काय ठरलं. मी अंगठा टाकते."