हायडा चित्रांतला तो डोळ्यासारखा आकार नेमका काय आहे?

तुम्ही विचारलंय की कॅनडा आणि अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हायडा, त्लिंगित या आदिवासी लोकांच्या चित्रांत जिकडेतिकडे तोच डोळ्यासारखा आकार का दिसतो, आणि वारलीत जसे त्रिकोण-वर्तुळ-चौकोन तसे इथले मूळ आकार कोणते. मी व्हँकुव्हरला राहतो. दोन हिवाळे दर शनिवारी एका हायडा कोरीवकाराकडे शिकायला जात होतो, तेवढ्या शिदोरीवर सांगतो.

त्या आकाराला ओव्हॉइड म्हणतात. अंडाकृती म्हणू नका, फसाल. ब्रेडची स्लाइस आडवी ताणली तर कशी दिसेल? वरची कड फुगीर, कोपरे गोलसर, खालची कड सपाट किंवा मधे किंचित आत गेलेली. डोळा तसाच, खांद्याचा सांधा तसाच, पंखाचं मूळही तसंच. माझा पहिला ओव्हॉइड बटाटा झाला, दुसराही. खालची कड जरा बाहेर फुगली की आकारातला सगळा ताण जातो. जुने कारागीर यासाठी सीडर या झाडाच्या सालीचे साचे कापून ठेवत, हे कळल्यावर जिवाला बरं वाटलं.

दुसरा आकार घोड्याच्या नालेसारखा, इंग्रजी यू. पिसं, कान, माशाचे पर त्यानं होतात. बाकी जोडाजोडीला इंग्रजी एससारखा आकार.

पण वारलीशी तुलना इथेच संपते. वारलीत आकार जोडून माणूस उभा राहतो. इथे आधी रेषा येते, वाहती, कुठे जाड कुठे बारीक, आणि ती वळते तिथे आकार होतात. बिल होल्म या अमेरिकन अभ्यासकाने 1965 साली तिला फॉर्मलाइन हे नाव रूढ केलं. बोरूच्या अक्षरात जाड-बारीकपणा बोरूच्या कापामुळे येतो. इथे तो चित्रकार ठरवतो. दोन जाड रेषा भेटल्या की तिथे काळा गोळा होतो. मग त्यात छोटी चंद्रकोर किंवा तीन टोकांची फट मोकळी सोडायची. मला सगळ्यात जास्त या फटींनी रडवलं.

मुख्य रेषा सहसा काळी, दुय्यम लाल, उरल्या जागी कधी निळसर हिरवा. पूर्वी हे रंग चघळलेल्या सामन माशाच्या अंड्यांत कालवत.

प्राणी ओळखायचा तो खुणांवरून: बीव्हरचे पुढचे दोन मोठे दात आणि जाळीदार शेपूट, किलर व्हेलचा पाठीवरचा उंच पर, सरळ चोचीचा रेव्हन म्हणजे मोठा डोमकावळा, बाकदार चोचीचा गरुड. सीडरची एकच फळी वाफेवर वाकवून चार बाजूंची पेटी करतात, तिच्यावर तर प्राणी मधोमध उभा चिरून दोन्हीकडे उलगडलेला असतो. मला तो उलगडायला अर्धा तास लागला होता, माझ्या मुलीने दोन मिनिटांत ओळखला.

एक मात्र सांभाळा. हे प्राणी घराण्यांची चिन्हं असतात, त्यांवर हक्क असतो. शिकायला गिरवा, पण टी-शर्टवर छापून विकू नका. पॉटलॅच, म्हणजे ही चिन्हं मिरवण्याचा आणि दानाचा समारंभ, कॅनडा सरकारने 1885 ते 1951 कायद्याने बंद ठेवला होता. कित्येक मुखवटे तेव्हा जप्त झाले.

आणि हो, खुद्द व्हँकुव्हर परिसर कोस्ट सेलिश लोकांचा. त्यांच्याकडे वर्तुळ, चंद्रकोर आणि आत वळलेल्या बाजूंचा त्रिकोण चालतो, बहुतेक खोदून काढलेला. सूत कातायच्या चातीच्या लाकडी चकत्यांवर तो फार सुंदर दिसतो. पर्यटक मात्र इथल्या स्टॅनले पार्कातले उत्तरेकडच्या लोकांचे कोरीव खांब बघून तेच इथलं समजतात. पहिलं वर्षभर मीही तेच समजत होतो.