त्याला आता 'नको' कसं म्हणायचं ओ?

मी समुपदेशक. कॅन्सर झालेल्या लहान मुलांचे आई-बाप माझ्यासमोर बसतात तेव्हा केमोबद्दल फारसं विचारत नाहीत, त्यासाठी डॉक्टर असतात. खानापूरचे असोत, निपाणीचे असोत, नाहीतर अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारे चिकोडीकडचे, सगळे फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात. "मॅडम, एवढं सोसतंय पोर. आता त्याला नको कसं म्हणायचं ओ?"

खानापूर तालुक्यातलं एक कुटुंब सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मुलगा सात वर्षांचा. त्याला रक्ताचा कॅन्सर होता, लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा ल्युकेमिया. उपचार नीट चालू होते. बिघडलं होतं ते घर. जेवताना मोबाइल, रात्री अकराला कुंद्याची मिठाई, धाकट्या बहिणीला चापट्या. कुणी काही बोलायचं नाही. गोळी घ्यायची म्हटली की ताट फेकून द्यायचा. आजी म्हणायची, "जाऊ दे की, आजारी हाय लेकरू."

यातलं थोडं औषधाचंही होतं. स्टेरॉइडच्या दिवसांत मुलांना अचाट भूक लागते, चिडचिड वाढते, झोप उडते. त्या दिवसांत आई-बापांनी खाण्यावरून भांडू नये. साखर वाढते का, मीठ किती चालेल, हे मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावं. पण स्टेरॉइड बंद असलेल्या आठवड्यांतही बहिणीला मार बसतच होता.

वडिलांना बाहेर बसवून मी त्याच्याशी चित्रं काढत बोलत होते.

"पूर्वी पप्पा रागवायचे?"

"रागवायचे की. पाढे चुकलो तर लई."

"आता?"

"आता न्हाई. परवा टीव्हीचा रिमोट फोडला, तरी न्हाई."

"मग मजा आहे की तुझी."

त्यानं खडू खाली ठेवला. "आमच्या सर्ज्या बैलाला पण शेवटी कोण मारत नव्हतं. आजी रोज गूळ द्यायची. मग मेला."

मी बराच वेळ काही बोलले नाही. घरात कुणी त्याला मरणाबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता, तसं सगळ्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. त्यानं घरच्यांच्या वागण्यावरून हिशेब लावला होता. रिमोट फोडून, ताट फेकून तो रोज तपासत होता: अजून कुणी रागावतंय का?

त्याला विचारून मी हे वडिलांना सांगितलं. ते खूप वेळ जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आमीच सांगितलं की त्याला."

मी आल्फ्रेड ॲडलर या मानसशास्त्रज्ञाला मानणारी. लहानपणी ॲडलर स्वतः मुडदूस आणि न्यूमोनियानं आजारी होता, आणि दुखणं व लाड एकत्र आले की मुलाच्या मनात काय शिजतं, यावर त्यानं पुष्कळ लिहिलं. हल्ली त्याला जुना समजतात. समजोत बापडे. माझ्या खोलीत तो अजून उपयोगी पडतो.

त्या संध्याकाळी जेवताना वडिलांनी मोबाइल काढून घेतला. पोरगं रडलं, लाथा झाडल्या. वडील शेजारी बसून राहिले, ओरडले नाहीत, पण मोबाइलही दिला नाही. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला: रडून रडून झोपला, आणि कित्येक दिवसांनी रात्रभर उठला नाही. असे फोन मला फार येत नाहीत. आला की दिवसभर माझी मान ताठ असते.

माझं म्हणणं असं. या आजाराचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो आणि त्यातला बराच काळ मूल घरीच गोळ्यांवर असतं. पूर्ण उपचार घेतलेली बरीच मुलं बरी होतात. सातव्या वर्षी आजारी पडलेला मुलगा साडेनऊचा होऊन बाहेर येतो. मधली वर्षं तो वाढतच असतो, त्याला वाढवायचं काम थांबवता येत नाही. गोळी, सुई, हात धुणं, मास्क यावर वाटाघाट नाही. पण सुई टोचताना कुणाच्या मांडीवर बसायचं, गोळीनंतर तोंडात काय टाकायचं, हे त्याला ठरवू द्या. "दुखणार नाही" असं खोटं सांगू नका, दुसऱ्या वेळी तो तुमचं ऐकणार नाही. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की रडू दे, भांडू दे, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. बहिणीला मारायचं नाही हा नियम आजाऱ्यालाही लागू. आणि त्या बहिणीला रोज थोडा वेळ फक्त तिचा द्या, तीही हे सगळं बघत असते.

मरणाचा प्रश्न त्यानं पुढं आईलाच विचारला. आईनं आम्ही ठरवलं होतं तसंच उत्तर दिलं: आजार मोठा आहे, औषध चालू आहे, डॉक्टर आणि आम्ही तुला बरं करायला झटतोय, भीती वाटली की मला सांग.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो शाळेत जाऊ लागला. सरांना आम्ही सांगून ठेवलं होतं की वर्गात कुणी सर्दी-तापानं आजारी असेल तर कळवा, कांजिण्या-गोवर असेल तर लगेच, तासाभरातच कळवा, पण अभ्यासात माफी नको. पहिल्याच आठवड्यात सातचा पाढा चुकला म्हणून सरांनी पाच वेळा लिहायला लावला. आजी शाळेत भांडायला निघाली होती. तिला सुनेनं दारातच अडवलं.