अंगावर पाजताना उन्हाळी लागली, तर काढा घ्यावा का?

तुमचं बाळ दोन महिन्यांचं, अंगावर पितं. लघवीला जळजळ होतेय, सासूबाई गोखरूचा काढा घे म्हणतात, आणि ऑनलाइन मागवलेल्या हर्बल कॅप्सूलही घरात आहेत. यातलं काय घेऊ, असं विचारलंत. मी यातून गेलेय, म्हणून लिहिते.

मी बाळंतपणाला पंचवटीत माहेरी होते. आईने रविवार कारंजावरून गोखरू आणलं. ती काटेरी फळं खलात ठेचायची, पाणी निम्मं आटवायचं आणि सकाळ-संध्याकाळ कपभर काढा द्यायची. "उन्हाळी लागलीय, उतरेल." प्यायलं की तासभर बरं वाटायचं, म्हणून चार दिवस अंगावर काढले. पाचव्या रात्री मुलीला पाजताना अशी हुडहुडी भरली की तिचं डोकं हातावर स्थिर धरवेना. पाठीत, बरगडीखाली एका बाजूला ठणका. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता.

आईवर माझा राग नाही. पण हा त्रास बहुतेक वेळा ई. कोलाय नावाच्या जंतूमुळे होतो, आणि तो काढ्याच्या भरवशावर सोडण्यासारखा नाही. रात्री भिजवलेल्या धण्याचं पाणी, ताक, भरपूर पाणी खुशाल घ्या. ते नेहमीचं खाणंपिणं आहे. कॅप्सूलचं लेबल मात्र आधी वाचा. त्यात उवा उर्सी, म्हणजेच बेअरबेरी ही वनस्पती असेल तर बाजूला ठेवा: त्यातल्या अर्ब्युटिन या द्रव्यापासून शरीरात हायड्रोक्विनोन हे घातक रसायन बनतं, म्हणून पाजणाऱ्या आईला ती देत नाहीत. चंद्रप्रभेसारख्या आयुर्वेदिक गोळ्यांत लोहभस्म असतं, त्याही वैद्यांना विचारल्याशिवाय नकोत. क्रॅनबेरीचा उपयोग त्रास पुन्हा होऊ नये म्हणून. झालेला संसर्ग त्याने जात नाही.

आजच लघवीची तपासणी आणि कल्चर (लघवीतला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करा. पहिली धार सोडून मधली धार बाटलीत घ्या, आणि अँटिबायोटिक सुरू होण्याआधीच. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, तोवर डॉक्टर गोळी सुरू करतात. पाजतेय आणि बाळ किती दिवसांचं आहे, हे स्वतःहून सांगा. नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक महिन्याच्या आतलं बाळ असेल तर टाळतात. सेफॅलेक्सिन, अमॉक्सिसिलिन पाजताना चालतात. मला गोळ्या चालू असतानाही दूध तोडावं लागलं नाही, फक्त मुलीला थोडे दिवस शी पातळ झाली.

थंडी-ताप, उलटी किंवा पाठीत ठणका आला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.