आईबाबा फ्लॅटमध्ये एकटेच असतात, दारावर कॅमेरा लावायचाय, व्हिडिओ डोअरबेल घेऊ की साधा वायफाय कॅमेरा?

आईबाबांसाठी असेल तर डोअरबेलच घ्या, कारण त्यांना दार न उघडता बाहेरच्याशी बोलता येतं आणि तुम्हालाही फोनवर दिसतं कोण आलंय ते. फक्त एक सांभाळा, अमेरिकेतून कोणी वायरवाली आणून देत असेल तर नको, तिकडच्या बेलला ट्रान्सफॉर्मरमधून १६ ते २४ व्होल्ट मिळतात, आपल्याकडे बेलच्या वायरमध्ये सरळ २३० व्होल्ट असतात, थेट जोडली तर जळणारच. बॅटरीवाली बरी पडते, पण चार्जिंगला काढायची आठवण तुम्हालाच ठेवावी लागणार.

घेण्याआधी फोन घेऊन दार बंद करून बाहेर उभं राहा आणि वायफायची रेंज बघा, बहुतेक डोअरबेल वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवरच चालतात, म्हणून रेंज त्याच बँडवर बघा, आणि लोखंडी सेफ्टी डोअर असेल तर सिग्नल अजून पडतो. लाईट गेली की राऊटर बंद, म्हणजे बॅटरी असूनही नोटिफिकेशन येणार नाही, म्हणून राऊटरला छोटा यूपीएस लावाच.

रेकॉर्डिंगसाठी मेमरी कार्ड चालणारं मॉडेल बघा, नाहीतर दर महिन्याला क्लाउडचे पैसे. माझ्या आईला ॲप वगैरे जमत नाही, तिला घरात वाजणारा चाइम लागतो, तो बॉक्समध्ये आहे ना ते नक्की विचारा. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, ओटीपीवालं लॉगिन चालू करा. आणि समोरच्या काकूंचं दार फ्रेममध्ये येत असेल तर ॲपमध्ये प्रायव्हसी झोन टाका, म्हणजे तेवढा भाग झाकला जातो, त्यांनाही आधी सांगा.